कोजागिरीची गाणी : पट्टी कोण ठरवणार?

बी-१०४ ताई : काल तालमीत परत तेच. सगळी गाणी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हाच सगळ्यांचा सा. खालचा सा धरला तर आम्हा बायकांचा आवाज निघत नाही, वरचा धरला तर अंतऱ्यात चिरकतो. हे दरवर्षी सांगायचं का?

ए-३०२ नाना : ताई, पेटीवर माझा हात काळी एकला बसलेला आहे. ऐन वेळी पट्टी बदलली की बोटं चुकतात.

सेक्रेटरी : कृपया सर्वांनी एवढंच लिहा : गाणं – गायक – पट्टी. बाकी चर्चा नको.

सी-२०१ सर : नाना, आदर ठेवून सांगतो, पेटीला गळा नसतो. पुरुषांना साधारण काळी एक ते काळी दोन, बायकांना काळी चार-पाच. प्रत्येकाने आपली पट्टी अशी काढा : मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) स्पष्ट लागला पाहिजे आणि तार मध्यम (वरच्या सप्तकातला म) न ओरडता. दोन्ही जिथे जमतं तो तुमचा सा. गाणं तार पंचमापर्यंत जात असेल तर एक पट्टी खाली घ्या.

ए-३०२ नाना : मग स्केलचेंजर पेटी आणा. पट्ट्यांचा भाग सरकवला की बोटं तीच, सूर दुसरा. आपल्या साध्या पेटीत ती सोय नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

डी-१०१ आबा : मुळात पेटी हवीच कशाला? मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, आंदोलन (स्वर हळुवार झुलवणं) निघत नाही. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर बंदी होती ती उगाच नव्हती. गळ्याच्या जवळ जाणारं वाद्य एकच, सारंगी.

ए-३०२ नाना : बंदी उठून जमाना झाला आबा. सारंगीवाला आणा, मी पेटी मिटतो.

ए-२०३ भाऊ : जाऊ द्या ना भो, दूध आटायच्या आधी हे लोक आटतील 😄

सेक्रेटरी : गाणं – गायक – पट्टी. कृपया.

बी-१०४ ताई : अभंग – मी – काळी चार. लिहिलं. आता वाजवणार कोण ते पण लिहा.

बी-४०२ दादा : बासरी मी वाजवतो, पण एक लक्षात घ्या. बासरीचा सूर ठरलेला असतो, पट्टीगणिक बासरी बदलते. माझ्याकडे काळी एकची आहे. तरी काळी चारला जमेल : सहाही छिद्रं बंद केली की जो पंचम निघतो, तोच सा धरायचा. सगळी उघडी ठेवून येणारा तीव्र मध्यम मग शुद्ध निषाद होतो. अडचण एकच, सा च्या खाली उतरता येत नाही. मंद्रातल्या जागा पेटीने भराव्यात.

सी-२०१ सर : वा! तबल्याचंही तसंच. काळी एकचा तबला काळी चारच्या गाण्यात मध्यमावर बोलतो. अभंगात मध्यम असेल तर छान लागतो. भूप रागातलं असेल तर मध्यम वर्ज्य, तिथे खटकेल. त्यासाठी मोठ्या तोंडाचा, पावणेसहा ते सहा इंची तबला काळी चारलाच लावून ठेवा.

सी-३०४ वहिनी : आणि द्वंद्वगीतांचं काय? ट्रॅक मोबाइलवरून तीन-चार स्वर वरखाली केला की आवाज फाटतो.

डी-१०१ आबा : पंडित जसराजांनी जसरंगी जुगलबंदी बांधली त्यात गायक आपल्या पट्टीत, गायिका आपल्या. एकीचा सा दुसऱ्याचा मध्यम किंवा पंचम.

सी-२०१ सर : आबा, त्याला मूर्च्छना (दुसऱ्याच स्वराला सा मानून गाणं) पक्की लागते, दोन राग एकाच वेळी चालतात. आपण द्वंद्वगीत पांढरी पाचमध्ये घेऊ. वहिनींना अर्धा स्वर खाली पडेल, ते चालतं. पुरुषाने वरच्या जागा हलक्या घ्याव्यात.

ए-१०२ काकू : आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांना कोण पट्टी विचारतं? जी पहिली ओळ उचलते तिचीच पट्टी, बाकीच्या मागून. पेटी नाही, तबला नाही, तरी कधी बेसूर नाही. माझं आवडतं ते. नाना, तेव्हा पेटी झाकून ठेवा.

ए-३०२ नाना : झाकतो काकू.

सेक्रेटरी : काकू, गाणं – गायक – पट्टी?

ए-१०२ काकू : आत्ताच सांगितलं ना. वाचत नाही का तुम्ही?

सेक्रेटरी : ठीक. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद, हे पण लिहून ठेवतो.

ए-२०३ भाऊ : चंद्र माथ्यावर यायच्या आधीच बंद करी राहिले!

सी-२०१ सर : १० नंतर माइकशिवाय बसू, बैठकीची गाणी तशीच चांगली लागतात. पण गच्चीवर दव पडतं. ओल लागली की पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडून तबल्याचा सूर उतरतो, गार हवेत बासरीही उतरते, पेटी मात्र जागेवर राहते. म्हणून एक-दोन गाण्यांनंतर बेसूर वाटतं आणि दोष गाणाऱ्यावर येतो. थोडा फरक गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हातोडीने काढा, जास्त असेल तर गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली ठोका. दादा, तुम्ही वाजवायच्या आधी बासरीत थोडा वेळ फुंकर घालून ती गरम करा. वाद्यं संध्याकाळीच वर नेऊन उघडी ठेवू नका, कापडात राहू द्या.

बी-१०४ ताई : सर, उद्या तालमीला काळी चार धरायची ना?

ए-३०२ नाना : धरतो ताई. पण कडव्यांमधलं संगीत मला आज रात्रीच पाठवा, काळी चारला ‘प’ काळी दोनवर येतो, ती बोटं बसवावी लागतील.

बी-१०४ ताई : पाठवते नाना.