एसट्रेसचं '-ओ': दोष हत्याराचा की चालवणाऱ्याचा?

रात्रपाळी: (ताणतणावाचा धागा नाही. चालत्या प्रोसेसचे सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागण्या, दाखवणारं लिनक्समधलं एसट्रेस.) आमच्याकडे सपोर्टवाल्यांसाठी एक पेज होतं: प्रोसेसचा नंबर निवडा, लॉग फाइलचं नाव टाका, मागे रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून एसट्रेस सुरू. मध्ये शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) नाही, आर्ग्युमेंट्स थेट प्रोग्रामला, म्हणून आम्ही निर्धास्त. टीममधल्या नव्या मुलीने फाइलच्या नावात '|आयडी' टाइप केलं आणि पेजवर 'यूआयडी=०', म्हणजे रूटचा युजर नंबर, उमटलं! '-ओ'ला (आउटपुट कोणत्या फाइलमध्ये लिहायचं ते सांगणारा ऑप्शन) दिलेलं नाव पाइपने (|) किंवा उद्गारचिन्हाने सुरू झालं, की एसट्रेस पुढचा मजकूर कमांड म्हणून चालवतो. 'इथे ऑप्शन संपले' असं सांगणारे दोन डॅश टाकूनही उपयोग नाही, कारण ही ऑप्शनचीच व्हॅल्यू. माझं मत: फाइलचं नाव मागणाऱ्या ऑप्शनने कमांड चालवूच नये.

जुना अ‍ॅडमिन: साफ असहमत. मॅन पेजमध्ये (कमांडच्या माहितीपानात) हे स्पष्ट लिहिलंय. आणि सुडोने (रूटच्या अधिकाराने कमांड चालवू देणारं साधन) एसट्रेस मोकळं मिळालं, तर त्याच्यापुढे नुसतं शेलचं नाव लिहा, रूट शेल हजर. किल्ली तुम्हीच वाटलीत, आता कुलपाला का नावं ठेवता?

कोरा चहा: आमच्या सुडोअर्समध्ये (सुडोच्या परवानग्यांची फाइल) 'एसट्रेस -पी *' अशी ओळ होती; '-पी'नंतर प्रोसेसचा नंबर येतो. त्या तारकेत स्पेससुद्धा बसते. म्हणजे नंबरानंतर '-ओ' आणि हवं ते, सगळं मंजूर. लिहिणारा मीच, त्यामुळे गप्प बसतो.

रात्रपाळी: किल्ली कुठे वाटली? नंबर आम्ही तपासत होतो, फक्त नाव मोकळं होतं. २०१७ मध्ये गिटचं (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) काय झालं? 'एसएसएच://-ओप्रॉक्सीकमांड=' असा पत्ता क्लोन केला (तिथल्या कोडची प्रत मागितली) की कमांड चालायची, कारण गिट तो भाग एसएसएचला (दूरच्या मशीनशी जोडणारा प्रोग्राम) ऑप्शन म्हणून देत असे. तेव्हा कुणी 'मॅन पेज वाचा' म्हटलं नाही.

जुना अ‍ॅडमिन: हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. दुरुस्ती गिटमध्ये झाली: २.१४.१ पासून डॅशने सुरू होणारं होस्टनेम गिट नाकारतं. एसएसएचमधलं प्रॉक्सीकमांड (जोडणीसाठी दिलेली कमांड चालवणारा ऑप्शन) आजही जागच्या जागी आहे, आणि मी ते रोज वापरतो.

रात्रपाळी: ठीक, पण म्हणून '-ओ' शहाणं ठरत नाही. सध्या आम्ही ते काढलंय. फाइलचं नाव आमचा कोड ठरवतो, फाइलही तोच उघडतो आणि एसट्रेसचं एरर आउटपुट तिकडे वळवतो. नुसतं '-पी' असल्यामुळे, म्हणजे आधीच चालू असलेल्या प्रोसेसला जोडल्यामुळे, ट्रेस होणाऱ्या प्रोग्रामचं काही त्यात मिसळत नाही.

जुना अ‍ॅडमिन: म्हणजे दुरुस्ती तुमच्याच कोडमध्ये केलीत ना?