शब्दचर्चा : फ्रॅग, स्ट्रेफ आणि शूटर गेममधली बोली

‘गेममध्ये फ्रॅग म्हणजे किलच ना, समोरच्याला मारणं?’ या प्रश्नाला हो म्हणून मोकळं होता येतं. पण मग त्या शब्दाने केलेला प्रवास हातातून निसटतो, आणि तो प्रवासच मला महत्त्वाचा वाटतो.

व्हिएतनाम युद्धात, १९७०च्या आसपास, अमेरिकन सैनिकांच्या तोंडी हा शब्द क्रियापद म्हणून रुळला. फ्रॅगमेंटेशन ग्रेनेड म्हणजे फुटल्यावर धारदार तुकडे उडवणारा हातबॉम्ब. ‘फ्रॅग’ हे त्याचं लघुरूप. आणि फ्रॅग करणं म्हणजे नकोशा झालेल्या आपल्याच अधिकाऱ्याला त्या बॉम्बने उडवणं. गोळीवरून बंदूक शोधता येते, फुटलेल्या बॉम्बवर मात्र बोटांचे ठसे मिळत नाहीत.

१९९३मध्ये ‘डूम’ हा शूटर गेम आला आणि त्याच्या डेथमॅचमध्ये, म्हणजे खेळाडूंनी एकमेकांना मारायच्या सामन्यात, फ्रॅग हे गुण मोजायचं माप झालं. डूममध्ये अधिकारी नाहीत, हातबॉम्बही नाही. शब्दाचं मूळ गळून पडलं, फक्त मोजणी उरली. स्वतःच्याच रॉकेटने मेलात तर एक फ्रॅग वजा होतो, म्हणजे हा शब्द मरणापेक्षा हिशोबाचा जास्त आहे. क्रिकेटच्या बातमीत ‘तीन बळी’ लिहितात, त्यातला ‘बळी’ मला फ्रॅगच्या सगळ्यात जवळचा वाटतो. आणि ज्याला मुळात फ्रॅग म्हणत, त्या आपल्याच माणसाला मारण्यासाठी आता ‘टीम किल’ हा वेगळा शब्द लागतो! अर्थ इतका पूर्ण उलटलेला क्वचितच पाहायला मिळतो.

स्ट्रेफची गोष्ट तर याहून लांबची. पहिल्या महायुद्धात जर्मनीत ‘गॉट श्ट्राफे इंग्लंड’ ही घोषणा गाजली : देव इंग्लंडला शासन करो. ‘श्ट्राफेन’ म्हणजे शिक्षा करणं. ब्रिटिश सैनिकांनी शत्रूचाच शब्द उचलला आणि तोफांच्या माऱ्याला स्ट्रेफ म्हणायला लागले. पुढे विमानाने खाली येऊन जमिनीवरच्या लोकांवर मशीनगन चालवणं, हा अर्थ पक्का झाला. गेममध्ये मात्र स्ट्रेफ म्हणजे आडवं सरकणं, बस. डूममध्ये कीबोर्डवरचं ऑल्ट बटण दाबून धरलं की बाणांच्या बटणांनी वळण्याऐवजी बाजूला सरकता यायचं. नजर आणि नेम समोरच्या दारावर खिळलेले, पाय मात्र भिंतीच्या कडेकडेने डावीकडे चाललेले. एकही गोळी न झाडता स्ट्रेफ करता येतं. शिक्षा गेली, मारा गेला, चाल राहिली. ‘आडवी चाल’ हा पर्याय वाईट नाही, पण खेळताना कोणी तो म्हणेल असं मला वाटत नाही.

‘जिब’ची गोष्ट छोटी आहे. कोंबडी साफ करताना निघणारे आतले अवयव म्हणजे जिब्लेट्स, त्यावरून शरीराच्या उडालेल्या चिंधड्यांना हे नाव पडलं. ते ‘डूम’ बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरच्या एड्रियन कारमॅक यांनी रूढ केलं असं मानतात. पुष्कळ जण ‘गिब’ म्हणतात, पण मूळ शब्द पाहता ‘जिब’ बरोबर.

कॅम्परला ‘तळ ठोकणारा’ म्हटलं की नुसतं भाषांतर होतं. एका कोपऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टिपणं याला आपल्याकडे नेमका वाक्प्रचार आहे : दबा धरणं. फक्त त्यात कॅम्परमधली शिवी नाही. दबा धरणाऱ्या वाघाला कोणी नावं ठेवत नाही. कॅम्परला मात्र मेलेला खेळाडू नावंच ठेवत असतो.

स्पॉन म्हणजे मासे-बेडकांनी घातलेली अंडी. प्रोग्रॅमिंगमध्ये एका प्रोसेसने दुसरी सुरू करणं, यालाही स्पॉन म्हणतात. गेममध्ये खेळाडू किंवा शत्रू नकाशावर प्रकट होतो तो स्पॉन, आणि मेल्यावर परत येतो तो रिस्पॉन. इथे मला ‘उपजणं’ मनापासून आवडतं. ‘तो आपल्या मागेच उपजला’ हे वाक्य कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

राहिला ‘एस’. काउंटर-स्ट्राइक या दोन संघांच्या शूटर गेममध्ये समोरच्या संघातले पाचही जण एकट्याने टिपले की एस. पहिल्या महायुद्धात पाच विमानं पाडणाऱ्या वैमानिकालाही एस म्हणत, पण गेममधले पाच हे संघ पाच जणांचा म्हणून आहेत. दोन्ही आकड्यांची सांगड घालू नये. वैमानिकांसाठीचा शब्द फ्रेंच ‘आस’वरून आला, आणि आस म्हणजे पत्त्यांतला एक्का. तेव्हा या एका शब्दासाठी पर्याय शोधायलाच नको. ‘त्याने एक्का मारला’ म्हणा.