शेणखताच्या पालकात जीवनसत्त्वं खरंच जास्त असतात का?

खुरपं: गच्चीवर कुंड्यांत पालक नि टोमॅटो लावलेत, फक्त शेणखत आणि कंपोस्टवर. मैत्रीण हायड्रोपोनिक्स करते, म्हणजे मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यावर भाजी वाढवते. तिचं म्हणणं, "नत्र कुठूनही येवो, झाडाला काय त्याचं!" बरोबर आहे का हे? जाणकारांनी सांगा.

मातीमोल: निम्मं बरोबर. मुळं नत्र घेतात ते बहुतेक नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपातच, मग ते शेणातलं असो की पोत्यातलं. प्रश्न किती आणि कधी मिळतं याचा. माती नि पानं तपासणं हे माझं रोजचं काम. युरियाचा हात सैल सुटला की पालक गडद हिरवा, रुंद पानांचा, फोटो काढावा असा येतो. तपासणीत मात्र नायट्रेट चढलेलं आणि क जीवनसत्त्व उतरलेलं. कंपोस्टमधलं नत्र हळूहळू सुटतं, म्हणून हे सहसा टळतं. कोंबडीखत ढिगाने ओतलंत तर सेंद्रिय असूनही तेच होणार!

डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १० वर्षांचे टोमॅटोचे नमुने तपासून २००७ साली निष्कर्ष छापले. सेंद्रिय टोमॅटोत क्वेरसेटिन (झाडात तयार होणारं एक अँटिऑक्सिडंट) सरासरी ७९ टक्के जास्त. गंमत पुढे आहे: जमीन सुधारल्यावर तिथे खत कमी केलं गेलं, तसतसं हे प्रमाण वाढत गेलं.

जुनं बियाणं: पण भाज्या पूर्वीइतक्या कसदार राहिल्या नाहीत, हे तर खरं ना? रासायनिक खतांनीच वाट लावली.

मातीमोल: सगळं खापर खतांवर नको. अमेरिकेतल्या ४३ पिकांचे १९५० आणि १९९९ चे आकडे २००४ मध्ये ताडून पाहिले गेले. प्रथिनं, कॅल्शियम, लोह, क जीवनसत्त्व घटलेलं दिसलं. पण अभ्यासकांचा मुख्य संशय वाणांवर होता. आपण निवडलं उत्पन्न. झाड भराभर वाढलं, क्षार त्या वेगाने आत आले नाहीत.

खुरपं: लोहाचं राहिलं. माझ्या पालकाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या.

मातीमोल: मातीत लोह असेलही, मुळांना मिळत नाहीये. बहुधा माती किंवा पाणी चुनखडीचं आहे. आधी सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल की अल्क) तपासा, कंपोस्ट चालू ठेवा. कुंडी सावलीत असेल तर उन्हात सरकवा. पानातलं नायट्रेट वापरलं जायला उजेड लागतो, म्हणून खुडणीही पहाटे न करता दुपार कलल्यावर करा. आणि खुडलेला पालक बाहेर ठेवू नका, क जीवनसत्त्व झपाट्याने जातं. मैत्रिणीच्या पालकालाही हेच लागू.