मध फसफसतोय, पेटीत काय चुकलं?

घणसोलीकर: मंडळी, मुरबाडला बाबांच्या शेतावर सातेरीच्या (आपल्याकडच्या देशी मधमाश्या) दोन पेट्या ठेवल्यात, पहिलंच वर्ष. मे संपता संपता पाऊस यायच्या आत म्हणून घाईघाईत मध काढला, तीनेक किलो निघाला, घरी आणून बाटल्या भरल्या. आता वर फेस आलाय, झाकण उघडलं की फुस्स, चव आंबूस. बायको विचारते ताडी गाळलीस का! माश्यांचं चुकलं का माझं?

पारसिकचा_डोंगर: माश्यांचं कशाला चुकेल :) काढलात तेव्हा पोळ्यावर मेणाचा पापुद्रा किती होता? फुलांचा रस पातळ असतो, माश्या पंखांनी वारा घालून तो आटवतात आणि घट्ट झाला की मगच पोळ्याचं ते घर मेणाने बंद करतात, उघड्या घरातला मध कच्चाच, पाणी जास्त म्हणून आंबतो. २० टक्क्यांच्या वर पाणी नको असं एफएसएसएआयचं (सरकारी अन्न सुरक्षा संस्था) मानक आहे, त्यात सातेरीचा मध मेलिफेरापेक्षा (पेटीतली विदेशी मधमाशी) मुळातच जरा पातळ. पुढच्या वेळी फ्रेम (पोळ्याची चौकट) आडवी धरून झटका द्या, थेंब उडाले तर गुपचूप परत आत.

घणसोलीकर: निम्मा भाग उघडाच होता हो. आणि यंत्र नव्हतं म्हणून पोळं फडक्यात घालून हाताने पिळलं, खालचा पिलाव्याचा (अंडी-अळ्यांचा) तुकडाही त्यातच गेला 🙈

बेलापूरची_माई: अरे देवा! म्हणजे अळ्या, पराग सगळं मधात. पिलाव्याच्या फ्रेमला हात लावायचा नसतो बाळा, मध फक्त पेटीच्या वरच्या मजल्यातला. आणि आता पावसाळ्यात साखरेचा पाक देशील तेव्हा वरचा मजला आधी उतरव, नाहीतर माश्या पाक तिथेच नेऊन भरतात आणि आपण तो मध म्हणून वाटतो, दिसतो मात्र अगदी छान. बाटल्या कोरड्या होत्या ना? आपल्याकडची जुलैची हवा म्हणजे मीठसुद्धा पाझरतं, मध तर ओल ओढूनच घेतो.

घणसोलीकर: धुवून लगेच भरल्या 😬 मग आता उकळून टिकेल का?

पारसिकचा_डोंगर: नको, आंबूस चव जाणार नाही, वर वास आणि रंग जाईल, एचएमएफ (मध तापवला की त्यात तयार होणारं रसायन) वाढेल ते वेगळंच. विकू नका, वाटू नका, आणि माश्यांनाही परत घालू नका, त्यांना हगवण लागते.

घणसोलीकर: एक बाटली फ्रीजमध्ये राहिली होती, तिला अजून फेस नाही. पण तिच्यात तळाशी पांढरं काहीतरी बसलंय.

बेलापूरची_माई: ते थंडीने रवाळ झालं असेल, घाबरू नकोस. पण मध त्याच घाण्यातला ना, तोही कच्चाच. बाहेर काढून ठेवलास तर आठवड्याभरात तीही फुस्स करेल.