‘ये रे ये रे पावसा’चं विनोदी ॲनिमेशन करावं का?

पागोळी:
ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा
पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा
ये गं ये गं सरी, माझे मडके भरी
सर आली धावून, मडके गेले वाहून

माझं मत: जरूर करावं. गंमत बाहेरून आणावीच लागत नाही. पोर चक्क पावसाशी सौदा करतं, नाणं खोटं निघतं, तरी पाऊस येतोच! आणि मडकं भरायला बोलावलेली सर मडकंच घेऊन पळते. चार ओळींत दोनदा फजिती. पण आजच्या मुलांना पैसा माहीत नाही. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 2011 मध्येच चलनातून गेली. म्हणून ढगाच्या गळ्यात क्यूआर कोडची पाटी असावी. पोराने मोबाइल धरावा, ‘व्यवहार अयशस्वी’ उमटावं, की लगेच धो धो.

काळी माती:
साफ विरोध. मी लातूरचा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आमच्याकडे रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. घागरींच्या रांगा बघत वाढलेल्या पोराला क्यूआर कोडची पाटी घातलेला ढग दाखवून काय हसवणार? पावसाला हाक मारणं ही आमच्याकडे करमणूक नाही. पाऊस ओढ देतो तेव्हा गावात धोंडी निघते.

पागोळी:
धोंडीचंच बघा ना. कडुनिंबाचे डहाळे गुंडाळलेलं पोर, ‘धोंडी धोंडी पाणी दे’चा गलका, दारोदारी अंगावर ओतलेला तांब्या, मागे खिदळणारी पोरं. पोटात काळजी असतानाच गाव हसतं. हे गाणंही तसंच आहे, असं मला मनापासून वाटतं.

काळी माती:
धोंडीत हसतात ते भिजलेल्या पोराला. पावसाला नाही.

रेघोट्या:
मी ॲनिमेशनमध्ये काम करते. करायला हवंच, पण क्यूआर कोड नको. दोन-चार वर्षांत तो शिळा होईल. त्यापेक्षा 1943 ते 1947 मध्ये पाडलेला भोकाचा पैसा घ्या. पोराने तो वर धरावा आणि भोकातून ढगाचा एक डोळा खाली बघावा. मुलांना इतिहास सांगावा लागणार नाही, चित्रच पुरे. आणि ‘खोटा’ म्हटल्यावर थांबा! पूर्ण दोन सेकंद, म्हणजे 48 फ्रेम, काहीच हलू नये. नुसता ढगाचा चेहरा. हसू त्या थांबण्यात आहे. हल्लीच्या बालगीतांच्या व्हिडिओंत क्षणाक्षणाला दृश्य बदलतं, मुलाला हसायला उसंतच मिळत नाही.

दुपटं:
मुळात पडदाच कशाला? दोन वर्षांखालच्या बाळांना स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय. हे गाणं खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून म्हणायचं असतं. तळहातावर थेंब पडला पाहिजे.

पागोळी:
तान्ह्यांसाठी मीही मागत नाही. चार-पाच वर्षांची मुलं तशीही कार्टून बघतातच, मग आपलं का नको? आणि भोकाचा पैसा मान्य. क्यूआरपेक्षा कितीतरी सरस.

काळी माती:
नाण्याचं चित्र आवडलं. पण एक अट. पाऊस आल्यावर त्या पोराला नाचताना दाखवा, फसलेलं दाखवू नका. आणि वाहून गेलेलं मडकं कुणाला तरी सापडू दे, भरलेलं.

रेघोट्या:
नाचेल. पण मडकं जाऊ द्या. ते परत आलं तर गाणं बदलेल.