मदत हवी आहे: छोट्या कुत्र्याचा विमा काढावा का?

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याला राहतो. घरात तीन वर्षांची पॉमेरेनियन आहे, चिंगी. तिचा विमा काढावा की नाही, यावर घरात एकमत होत नाहीये.

बजाज अलियान्झने 2020 मध्ये कुत्र्यांची पॉलिसी आणली, न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सचीही आहे. पण आधीपासूनचे आजार, लसीकरण, नेहमीची तपासणी हे अशा पॉलिसींत सहसा धरत नाहीत. सुरुवातीचा प्रतीक्षा काळही असतो, म्हणजे तेवढ्या दिवसांत आजाराचा दावा करता येत नाही.

मला खरी काळजी आहे ती गोचीडतापाची. आपल्याकडे पावसाळ्यात गोचिडी किती होतात ते सांगायला नको. रक्ततपासण्या, सलाईन, कधी रक्त चढवावं लागतं. शिवाय छोट्या जातींना गुडघ्याची वाटी सरकणं, दातांचा त्रास, म्हातारपणी हृदयाची झडप निकामी होणं हे जास्त आढळतं. वाटीचं ऑपरेशन करायचं झालं तर एकदम मोठी रक्कम लागेल. पण वाटी सरकणं हा जन्मजात दोष म्हणून दावा नाकारला तर? मग हप्ते भरून काय मिळवलं?

यजमान म्हणतात, तेवढेच पैसे दरमहा आरडीत टाकू. मला ते निम्मंच पटतं. आजार आरडी भरेपर्यंत थांबत नाही.

गोव्यात कुणी प्रत्यक्ष दावा केलाय का? गोचीडतापाचे पैसे मिळाले का? कंपनीने मायक्रोचिप (कुत्र्याच्या ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती) मागितली का? बिल आधी आपणच भरायचं असतं का? कृपया अनुभव सांगा, पाऊस सुरू होण्याआधी ठरवायचं आहे.