दक्षिण सुदान: विमानातून ज्वारी टाकायची की उन्हाळ्यातच गोदामं भरून ठेवायची?

काळीमाती
बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. दक्षिण सुदान 2011 ला वेगळा देश झाला, समुद्र नाही. मदतीचं बरंचसं धान्य केनियाच्या मोंबासा बंदरात उतरतं, मग मालाबाची बॉर्डर, युगांडा, एलेगू-निमुलेची बॉर्डर आणि मग राजधानी जुबा, म्हणजे दीड हजार किलोमीटरच्या वर प्रवास. निमुले-जुबा हा 192 किलोमीटरचा डांबरी रस्ता 2012 मध्ये अमेरिकेच्या पैशातून झाला, पण जुब्याच्या पुढे बहुतेक ठिकाणी मातीच. आणि माती कुठली, तर आपल्या परभणी-यवतमाळसारखी काळी, पाऊस पडला की चाक एक्सलपर्यंत आत. पावसाळ्यात अर्ध्याहून जास्त देशाचा रस्ता तुटतो आणि मग संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाची विमानं पोती टाकतात.

आता हिशोब बघा. एका इल्युशिन विमानात साधारण 30 टन माल बसतो म्हणजे 50 किलोची 600 पोती. मोठ्या ट्रेलरमध्येही जवळपास तेवढाच बसतो. माणशी रोज अर्धा किलो ज्वारी धरली तर 2000 माणसांचा एक महिना. तेच धान्य, तीच माणसं, पण विमानाचा खर्च रस्त्याच्या सातपटीपर्यंत जातो. मार्चमध्ये ट्रकने पोचवता येतं ते सप्टेंबरमध्ये विमानाने टाकायचं म्हणजे त्याच पैशात जेवू शकणारी कितीतरी माणसं उपाशी ठेवायची. माझं स्पष्ट मत आहे, विमानं जवळपास बंद करा आणि सगळा पैसा डिसेंबर ते एप्रिल या तिथल्या उन्हाळ्यात गोदामं भरायला लावा.

सुभेदार_सातारा
काळीमाती, कागदावरचा हिशोब बरोबर आहे, तरी मला हे अजिबात पटत नाही. मी शांतिसेनेत तिथल्या जोंगलेई राज्यात वर्षभर होतो. भरलेलं गोदाम तिथे सगळ्यात आधी लुटलं जातं. जुलै 2016 मध्ये खुद्द राजधानीत जुब्याला लढाई पेटली तेव्हा अन्न कार्यक्रमाचं मुख्य गोदाम लुटलं गेलं, साडेचार हजार टन धान्य गेलं, सव्वादोन लाखाच्या आसपास लोकांचं महिन्याचं खाणं. राजधानीत ही गत तर तालुक्याच्या गोदामाला कोण राखणार?

आणि फेब्रुवारी 2017 ला लेर आणि मायेन्दित या उत्तरेकडच्या भागांत दुष्काळ जाहीर झाला तो महिना कुठला? ऐन उन्हाळा! रस्ते कोरडे होते. लढाईला घाबरून माणसं दलदलीत बेटांवर लपली होती, त्यांच्यापर्यंत कुठला ट्रक जाणार होता सांगा.

पोती पडताना मी पाहिलंय. आदल्या दिवशी मैदान साफ करतात, पांढरी खूण टाकतात, लोकांना लांब बसवतात. विमान अगदी खाली येतं, दोन-तीनशे मीटरवर, आणि मागच्या दारातून पोती सुटतात, पॅराशूट वगैरे काही नाही. पोतं दुहेरी-तिहेरी असतं, आतलं फाटलं तरी बाहेरचं धरतं. तरी काही फुटतातच. मग बायका बसून धुळीतले दाणे वेचतात, सुपात पाखडतात, एक मूठ सोडत नाहीत. आमच्या माणदेशात खळ्यावर आजी जशी ज्वारी वेचायची अगदी तसंच. ते बघितलेल्या माणसाला सातपट खर्चाचं गणित सांगून पटत नाही.

मालवाहू
मी कंपालात ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे, 14 वर्षं. दोघांचंही एक चुकतंय, विमान आणि ट्रक वेगळे नाहीतच. विमानाचं इंधन ट्रकनेच येतं ना. 2024 ला तिथल्या सरकारने इलेक्ट्रॉनिक ट्रॅकिंग, सिक्युरिटी एस्कॉर्ट अशा नावांनी नवीन फी लावली, इंधनाच्या गाड्या बॉर्डरवर अडकल्या आणि मे महिन्यात विमानातून धान्य टाकणं थांबवावं लागलं, 60 हजार लोकांचं खाणं त्यावर होतं. ओरड झाल्यावर फी मागे घेतली. म्हणजे दोरी एकच आहे, कुठेही कापा.

आणि रस्ता रस्ता म्हणताय तर रस्त्यावर काय चालतं तेही ऐका, दर थोड्या अंतराला दोरी बांधलेली, बाजूला बंदूकवाला पोरगा, पैसे द्यायचे आणि पावती नाही. 2021 मध्ये ड्रायव्हर मारले गेले तेव्हा केनिया-युगांडाच्या ड्रायव्हरांनी एलेगूलाच गाड्या उभ्या करून संप केला होता. ट्रक वाढवले की त्या दोरीवाल्यांची कमाई वाढते आणि त्याच पैशातून लढाई चालते, हे कुणी हिशोबात धरत नाही.

नैरोबीकर
नदीचं कुणीच बोललं नाही! पांढरी नाईल देशाच्या मधून जाते. काठावरच्या बोर शहराहून मलाकाळकडे बार्ज म्हणजे मालाच्या सपाट बोटी जातात, उत्तरेकडून रेंकवरूनही. निमुलेच्या धबधब्यांमुळे युगांडातून बोट सरळ येत नाही हे खरं, पण बोरपर्यंत ट्रक आणि पुढे बार्ज हे पावसाळ्यातही चालतं, आणि एक ताफा कितीतरी विमानांचा माल नेतो. काठावरच्या वस्त्यांवर विमानाने धान्य टाकावं लागणं मला तरी पटत नाही.

सुभेदार_सातारा
ताई, नदीकाठावरही बंदुकाच आहेत. एप्रिल 2013 मध्ये जोंगलेईतच ताफ्याला संरक्षण देताना आपले 5 जवान गेले. रस्ता असो की पाणी, ताफा हळू जातो आणि दिसतो.

काळीमाती
काका, दलदलीतल्या माणसांचा मुद्दा मी धरलाच नव्हता, माझी चूक. "जवळपास बंद करा" हे मागे घेतो. पण मूळ तक्रार सोडत नाही. युद्धामुळे विमान लागलं तर लागू द्या. काही ठिकाणी मात्र दर पावसाळ्यात फक्त चिखलामुळे विमान लागतं, आणि चिखल कधी होणार हे जानेवारीतच माहीत असतं ना? मग का?

मालवाहू
कारण पैसा जानेवारीत नसतो. देणाऱ्या देशांचे पैसे त्यांच्या बजेटनुसार येतात, ज्वारीच्या हंगामानुसार येत नाहीत. धान्य विकत घ्यायचं, गाड्या ठरवायच्या, मोंबासाहून आणायचं यात महिने जातात. फेब्रुवारीत मंजूर झालेला पैसा जुब्यात पोतं होऊन पोचेपर्यंत पाऊस सुरू. एक वर्ष आमच्या 6 गाड्यांचं भाडं एप्रिल संपता संपता ठरलं. माल जुब्यात उतरवला तेव्हा पुढच्या रस्त्यावर पाणी होतं, तिथले लोकल ट्रकवाले नाही म्हणाले. ती पोती ताडपत्रीखाली तशीच राहिली आणि माझा ड्रायव्हर म्हणाला, यातली अर्धी आता विमानातूनच जाणार. त्याला काय उत्तर देणार होतो मी.